नुसते धरण

भाऊबीज आटोपली, डब्याच्या तळाशी चकल्यांचा चुरा उरला, की आपल्याकडची निम्मी घरे कुलपे घालून बाहेर पडतात. सुट्टी दोन दिवसांची असते आणि यादी आठवड्याची. परवा अशाच एका कुटुंबाची यादी माझ्या कानांवर आली. पहाटे औंढा नागनाथ, तिथून नरसी, जेवण वाटेत कुठेतरी, संध्याकाळी जिंतूरजवळची नेमगिरी, रात्री मिळेल त्या लॉजवर पाठ टेकायची, सकाळी लोणार, आणि जमले तर शेगाव. यजमान मोठ्या विश्वासाने म्हणाले, "होतं हो सगळं." खरेच होते. आपण तसेच बोलतो : औंढा झालं, नरसी झाली, लोणार तेवढं राहिलं. दळण झालं, धुणं झालं, तसंच हे. एखादे ठिकाण 'पाहिले' असे म्हणणारा माणूस मला हल्ली क्वचित भेटतो.

नरसी करून सेनगाववरून जिंतूरकडे परतणाऱ्या मोटारी येलदरीला येतात. जिंतूर तालुक्यातले, परभणी जिल्ह्याच्या कडेचे हे गाव. इथे चहासाठी दहा मिनिटे थांबायचे, एवढाच या गावाचा यात्रेकरूंशी संबंध. माझे अर्धे आयुष्य या टापूत गेल्यामुळे तो दहा मिनिटांचा सोहळा मी पुष्कळदा पाहिला आहे. खाली उतरलेले गृहस्थ आळस देतात, आजूबाजूला नजर टाकतात आणि चहावाल्याला विचारतात, "इथे बघण्यासारखं काय आहे?" आणि चहावाला कपबशी विसळता विसळता उत्तर देतो, "काही नाही मालक, नुस्तं धरण हाय."

माझे भांडण या प्रश्नाशी आहे आणि त्याहून अधिक या उत्तराशी आहे. सणासुदीच्या दिवसांत भांडण काढतो म्हणून वाचकांनी राग मानू नये. फराळाबरोबर थोडे तिखटही लागतेच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कोणीतरी मला नास्तिक ठरवून मोकळे होईल. औंढ्याच्या गाभाऱ्यात वाकून, जवळजवळ बसून उतरणाऱ्या म्हातारीशी माझा काडीचाही वाद नाही. तिचा देवाशी जो हिशेब आहे तो तिचा. राज्यात ७५ वर्षांवरच्या माणसांना २०२२ पासून एस. टी.चा प्रवास मोफत झाला आणि २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून खेड्यापाड्यांतल्या, जन्मात तालुक्यापलीकडे न गेलेल्या कितीतरी बायका देवदर्शनाला निघाल्या. मला त्याचा आनंदच आहे. शिवाय या बायका खिडकीतून बाहेर बघतात. कोणाच्या रानात कापूस वेचायला आला, कोणाची तूर कशी उभी आहे, यावर त्यांची चर्चा अखंड चालू असते. काळ्या काचांच्या वातानुकूलित गाडीत बसलेल्यांपेक्षा त्यांची यात्रा शंभर पटींनी डोळस. माझी तक्रार आहे ती शिकल्यासवरल्या, सहलीला निघालेल्या, 'माहिती' असलेल्या आपल्या वर्गाबद्दल.

औंढ्याचेच बघा. यादवकालीन देऊळ. खालच्या भिंतींवर मूर्तींच्या ओळीच्या ओळी. वरचा भाग नंतरच्या डागडुजीचा, तो नुसत्या नजरेलाही वेगळा ओळखू येतो. देवळाच्या अंगावर त्याचा सगळा इतिहास असा उघडा लिहिलेला आहे. पण माणसे दोन-दोन तास त्या भिंतीकडे पाठ करून रांगेत उभी असतात आणि मोबाइलवर पुढच्या ठिकाणाचे अंतर बघतात. नंदी देवळाच्या समोर नसून मागच्या बाजूला आहे, याचे मात्र सर्वांना कौतुक असते. नामदेवांना पुजाऱ्यांनी मागे हाकलले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा सांगून झाली की फोटो निघतो आणि औंढा 'झाले'.

त्याच औंढ्यात घडली म्हणून सांगतात ती दुसरी कथा तितकीच प्रसिद्ध आहे, पण ती कोणी मनावर घेत नाही. गुरूच्या शोधात आलेल्या नामदेवांना एक म्हातारा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेला दिसला. नामदेव रागावले. म्हातारा म्हणाला, बाबा, माझ्याच्याने हलवत नाही. जिथे देव नसेल तिथे तूच माझे पाय ठेव. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तिथे पिंड उभी राहिली. तिसरीकडे ठेवले, तिथेही तेच. तो म्हातारा म्हणजे विसोबा खेचर. आता मला सांगा, जिथे हा धडा दिला गेला त्या ठिकाणी हार-नारळ वाहून आलेला माणूस दोन-तीन तासांत येलदरीला पोचतो आणि विचारतो, इथे काय आहे? विसोबांनी कपाळाला हात लावला असता.

बरे, तीर्थ या शब्दाचा अर्थ तरी काय? नदी जिथे ओलांडता येते, जिथे पाण्यात उतरता येते, ती जागा. उतार. देऊळ त्या उतारावर मागाहून आले. म्हणजे नदी पहिली आणि देव तिच्या काठी वस्तीला आलेला. आपण मात्र नदीला देवळाचे अंगण करून टाकले आहे. पूर्णा नदीचेच घ्या. निम्म्या लोकांना ही पूर्णा म्हणजे वऱ्हाडातली, तापीला मिळणारी पूर्णा वाटते. ती वेगळी. आपली पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगवते, जालना-बुलढाण्याच्या हद्दीतून खडकपूर्णा म्हणून वाहत येते, येलदरीला अडते, तिथून सिद्धेश्वरला पुन्हा अडते आणि पूर्णा गावाच्या खाली गोदावरीला मिळते. वरच्या अंगाला देऊळगाव राजाजवळ तिच्यावर जे धरण आहे त्याला संत चोखामेळा जलाशय असे नाव आहे, कारण चोखोबांचे जन्मगाव म्हणून मानले जाणारे मेहुणा राजा तिथून जवळ. नामदेवांची नरसी याच मुलखातली. एका नदीच्या आसऱ्याने एवढे सगळे असताना तिच्यावरच्या पुलावरून जाताना काच खाली करावीशी वाटू नये, याला काय म्हणावे?

पूर्वीचे लोक पायी चालत, त्यांना वेळ होता, असे यावर लगेच उत्तर मिळते. वेळेचा प्रश्न आहे, पण तो सगळा प्रश्न नव्हे. महानुभावांची स्थानपोथी ज्यांनी चाळली असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, त्या जागा त्यांच्या पंथातल्या मंडळींनी नोंदवून ठेवल्या; देऊळ कुठल्या तोंडाचे, दार कोणत्या अंगाला, स्वामी बसत ती जागा कोणत्या बाजूला. सातशे वर्षांपूर्वीच्या सुमारास मराठी माणूस जागेकडे असा मोजून-मापून, जीव लावून बघत होता. किंवा वरसईचे विष्णुभट गोडसे घ्या. दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. परत येताना गंगेची कावड आणली, पण त्याहून मोलाचे आणले ते डोळ्यांनी पाहिलेले. म्हणून 'माझा प्रवास' १९०७ साली छापला गेला आणि आजही वाचला जातो. आजच्या आपल्या यात्रेतून पुढच्या पिढीला काय वाचायला मिळणार? हसरे चेहरे, मागे शिखराचा तुकडा.

आता येलदरीला 'नुसते' काय आहे ते सांगतो.

धरण मातीचे आहे. लांबी सुमारे ४.२ किलोमीटर, पायापासून उंची ५१ मीटर. ते १९६८ साली पुरे झाले. एकूण साठा सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर. आकडे वाचून डोळ्यांपुढे काही येत नाही, म्हणून तर तिथे उभे राहायला हवे. पलीकडचा काठ नजरेत मावत नाही एवढे पाणी, आणि ते अडवून धरणारी माती. दगडी देवळाला हजार वर्षे टिकल्याबद्दल आपण हात जोडतो. ही मातीची भिंत अर्ध्या शतकाहून जास्त काळ रोज, घटकाघटकेला, एवढ्या पाण्याचा रेटा छातीवर घेते आहे, तिच्याकडे वळून बघत नाही. पायथ्याशी वीजघर आहे, २२.५ मेगावॅटचे. आजच्या औष्णिक केंद्रांपुढे हा आकडा किरकोळ, पण कोळशाचा कण न जाळता निघालेली वीज आहे ती. तेच पाणी वीज देऊन खाली सिद्धेश्वरला जाते आणि तिथून कालव्यांनी वसमत, परभणी, पूर्णेकडच्या रानांत पसरते. परभणी शहराच्या नळाला येणारे पाणी येलदरीचे. मी परभणीतल्या कितीतरी सुशिक्षितांना विचारून पाहिले, येलदरी पाहिलीत का? पाणी पितात, पाहिलेली नाही.

आणि हे पाणी कोणत्या मुलखातले आहे? मराठवाड्यातले. निजामाने आपल्या राज्यात मोठे धरण बांधले ते मांजरेवर निजामसागर, १९३१च्या सुमारास. नदी आमच्याकडून वाहत गेलेली आणि लाभ तेलंगणाच्या भाताला. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान मोकळे झाले, १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६०ला महाराष्ट्रात. पूर्णा प्रकल्प हा त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या कामांतला. ज्या मुलखाने तोवर फक्त सारा भरला, त्याच्या वाट्याला आलेले पहिले मोठे पाणी. त्यानंतर १९७२चा दुष्काळ आला. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, तेव्हा सारा देश टाक्यांच्या त्या रांगेकडे डोळे फाडून बघत होता. पाणी नसते तेव्हा बघण्यासारखे, आणि असते तेव्हा नुसते. हा कोणता न्याय?

यापुढचे मला जास्त जाचते. एवढे पाणी रिकाम्या जागेवर साठत नसते. खाली गावे होती, मळे होते, पार होते, मारुती होते. ती माणसे उठली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला, येलदरी पुरी झाल्यावर आठ वर्षांनी. म्हणजे या लोकांनी गाव सोडले तेव्हा त्यांच्या पाठीशी कायद्याचे एक पानही नव्हते. इतिहासप्रसिद्ध स्थळ कशाला म्हणायचे याची व्याख्या मला कोणीतरी समजावून सांगावी. राजाने बांधलेला वाडा पडला तर ते स्थळ. शेतकऱ्याचे गाव पाण्याखाली गेले तर तो 'बुडीत क्षेत्र' नावाचा सरकारी शब्द. पंडित नेहरूंपासून धरणांना नव्या युगाची देवळे म्हणण्याची रीत पडली. मला ती उपमा कधीच आवडली नाही. देऊळ म्हटले की आपण हात जोडतो, डोळे मिटतो आणि प्रश्न विचारायचे सोडतो. धरणाकडे डोळे उघडे ठेवून बघावे. कोणाचे घेतले, कोणाला दिले, हे विचारत बघावे.

येलदरी 'बघण्यासारखी' होते ती वर्षातून एकदा, पाऊस चांगला झाला तर. धरण भरते, दहा दरवाजे उघडतात, वर्तमानपत्रांत फोटो येतो आणि मग परभणी, जिंतूर, हिंगोलीकडून माणसांचा पूर लोटतो. मक्याची कणसे, तळलेली मासळी, पांढरा फेस, ओरडा. त्याच घटकेला खालच्या अंगाला नदीकाठचा शेतकरी काढायला आलेले सोयाबीन पाण्यात जाताना बघत असतो. त्याच्याही दृष्टीने ते बघण्यासारखेच असते, नाही का? गर्दी दुसऱ्या दिवशी ओसरते. बाटल्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या तेवढ्या मुक्कामाला राहतात.

एवढे ऐकल्यावर एक स्नेही म्हणाले, "तुमचं म्हणणं पटतं. सरकारने इथे काहीतरी करायला हवं. बाग, कारंजी, नौकाविहार." नको! मी हात जोडून सांगतो, नको. पैठणला नाथसागराच्या पायथ्याशी म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर ज्ञानेश्वर उद्यान झाले. एके काळी शाळांच्या सहली तिथे लोटत. मग त्याची जी रया गेली ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. आणि मुळात ज्या नगरीत एकनाथ राहिले आणि जिच्या शेजारी गोदावरी अडली, तिला बघण्यासारखे करण्यासाठी रंगीत कारंजे लागावे, यातच सगळे आले. 'विकास' या शब्दाचा मी धसका घेतला आहे. विकास म्हणजे जुन्या दगडी देवळाला तैलरंग, गाभाऱ्यात चकचकीत फरशी, पायऱ्यांवर पत्र्याचा मांडव आणि समोर पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांची कमान. जानेवारी २०२०मध्ये पाथरीला साईबाबांचे जन्मस्थान म्हणून निधी देण्याची घोषणा झाली आणि तिकडे शिर्डी बंद राहिली. खरे जन्मस्थान कोणते, या वादात मी पडत नाही, जसा औंढा, द्वारका आणि अल्मोड्याकडचे जागेश्वर यांपैकी खरा नागेश कोणता, या वादात पडत नाही. पण जागेची किंमत तिच्या नावावर पडणाऱ्या रकमेवरून ठरू लागली, की असली भांडणे होणारच.

जे काम झाले पाहिजे ते कोटींचे नाही. सेलू तालुक्यातल्या वालूरला गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्यांची एक जुनी बारव आहे. ती गाळाने आणि केरकचऱ्याने भरली होती. गावकऱ्यांनी घमेली-फावडी घेऊन ती उपसली, आणि आत त्या वळणदार पायऱ्या पुन्हा दिसू लागल्या. जिंतूरकडून जालन्याला जाताना लागणाऱ्या चारठाण्यात दीपमाळ आहे, जुनी हेमाडपंती देवळे आहेत, बारव आहे; मूर्तींचे तुकडे घराघरांच्या ओट्यांशी पडलेले असत. तिथेही गावातल्याच माणसांनी आधी हात लावला. लोणारला जाणारे बहुतेक सगळे चारठाण्यावरून जातात. किती उतरतात?

नेमगिरीला मी पुन्हा पुन्हा जातो, त्याचे कारण सांगू? तिथल्या जैन गुंफांची दारे इतकी ठेंगणी आहेत की कमरेत वाकल्याशिवाय आत शिरता येत नाही, आणि आत गेल्यावर एवढ्याशा जागेत नेमिनाथांची, पार्श्वनाथांची भली थोरली मूर्ती अंगावर आल्यासारखी उभी राहते. औंढ्यालाही वाकावे लागते. आपल्या जुन्या लोकांनी दार करतानाच सोय करून ठेवली होती : घाईने येणाऱ्याला आधी थांबवायचे.

आता त्या चहावाल्याच्या 'नुसत्या'कडे वळतो, कारण परक्यांना बोल लावणे सोपे असते. परभणीकरांना लाज वाटावी अशी गोष्ट आहे. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आपणच हसत हसत पाहुण्यांना ऐकवतो. पाहुणा विचारतो, काय बघायचे? आपण त्याला वेरूळ-अजिंठ्याची वाट दाखवतो, जणू आपला जिल्हा म्हणजे दोन स्टेशनांमधली मोकळी जागा. १ मे १९९९ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, औंढा, नरसी, सिद्धेश्वर तिकडे गेले, तेव्हा आमच्यातले काही जण खरोखर म्हणाले, आता आपल्याकडे राहिले काय? गंगाखेडला जनाबाई राहिली, गोदावरीचा काठ राहिला, येलदरीचे पाणी राहिले. ज्याला स्वतःच्या गावचे सांगता येत नाही, त्याच्या गावाकडे लोक दहा मिनिटे बघतात यात नवल नाही.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. धरणावर एक साधी पाटी हवी : काम कोणत्या साली सुरू झाले, कोणत्या साली पुरे झाले, किती मजुरांनी केले, पाणी कुठे कुठे जाते. तिच्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, पाण्याखाली गेलेल्या प्रत्येक गावाचे नाव. बायकांसाठी एक स्वच्छ मुतारी हवी. दिवाळी अंकात हा शब्द कोणाला खटकेल, पण दहा मिनिटांत गाडीत परत बसण्याची घाई कशापायी होते ते घरच्या बायकांना विचारावे. सावलीला चार बाके. आणि गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाला हे सगळे नीट सांगता यावे. बुडालेल्या गावांची हकिगत त्याला पुस्तकात शोधावी लागणार नाही, ती सांगणारी म्हातारी माणसे अजून आहेत. फार दिवस असणार नाहीत.

यात्रा कंपनीच्या मालकांना एक सुचवतो. पुढच्या खेपेच्या छापील पत्रकात नरसी आणि जिंतूर यांच्यामध्ये एक ओळ वाढवा : येलदरी, दीड तास. काय बघायचे ते छापू नका. हिवाळ्यात जात असाल तर दुपारी चारच्या सुमारास पोचा. उन्हे तिरपी होतात, बाहेरगावचे पक्षी पाण्यावर उतरलेले असतात आणि भोई होड्या काठाला लावत असतात. चहा तिथेच घ्या. आणि चहावाल्याला 'काय आहे' असे न विचारता, 'तुमचं गाव मूळचं हेच का?' असे विचारा.